दशमीची ओटी

अनसिंग, जि. वाशीम
१२ नोव्हेंबर २०२५

प्रिय रंजीता,

आधी माझ्या अक्षराला हसून घे, मग पुढे वाच. बावीस वर्षं या गावाला दहा बोटांनी टाईप करायला शिकवलं आणि आता पेन धरलं तर दोन ओळींत अंगठा दुखायला लागला. घरी हे म्हणतात, एवढं लांबलचक लिहायचंय तर टाईप करून प्रिंट काढ ना, केंद्र कोणाचं आहे? त्यांना काय सांगू? टायपिंगचं आणि दाखल्यांचं हे केंद्र माझंच आहे. पण केंद्रातली जुनी मशीन मेली, नवी मशीन खोक्यातून निघून टेबलावर बसली, आणि तिच्यासमोर बसायला परवा-परवापर्यंत गावातलं एक माणूस तयार नव्हतं. या सगळ्याला, रंजीता, तू जबाबदार आहेस. हो, तूच. पुण्यात बसून. फोनवरच बोलले असते, पण तुझ्याशी फोनवर बोलणं म्हणजे भिंतीशी बोलणं. ‘हो मॅडम. बरी आहे मॅडम. ठेवू का मॅडम?’ चार वर्षांत तुझ्या तोंडून चौथं वाक्य ऐकलं नाही. म्हणून तुझ्या आईच्या, जमनाबाईच्या, फोनमधून तुझ्या खोलीचा पत्ता उतरवून घेतला. पत्र वाचताना तरी तू मध्येच ‘ठेवू का’ म्हणणार नाहीस.

तर तुझी दशमी गेली. गेल्या महिन्यात कम्प्युटरच्या कंपनीनं सांगून टाकलं की ही दहावी सिस्टीम आता आम्ही सांभाळणार नाही, अकरावी घ्या. आपल्या जुन्या मशीनला अकरावी पेलेना, म्हणून मशीनच नवी घ्यावी लागली. एवढी साधी गोष्ट. दुसऱ्या गावात कोणाला कळलंही नसेल. पण इथं तुझ्यामुळे ती सिस्टीम नव्हतीच, ती पोरगी होती. आणि पोरगी जाते म्हटल्यावर गाव गप्प बसतं का?

तुझे प्रताप तुलाच सांगते, कारण चार वर्षांत तू ते विसरली असशील, निदान विसरल्याचं दाखवशील. तू आठवीत होतीस. दिवाळी झाली, अमरसिंग आणि जमनाबाई ऊसतोडीला निघाले आणि तुझी शाळा बुडू नये म्हणून तुला माझ्याकडे ठेवून गेले. ते परत येईपर्यंत तू माझ्या घरी, मग तांड्यावर, पुन्हा दिवाळीनंतर माझ्याकडे. असे पाच हंगाम. शाळा सुटली की केंद्रात येऊन खुर्चीवर पाय दुमडून बसायचीस आणि मोबाईलवर ती जपानी कार्टून बघायचीस. नाकाच्या जागी नुसता ठिपका, आणि डोळे बशीएवढे. मी ओरडायचे. एक दिवस तू मोठ्या कौतुकानं सांगितलंस की जपानात लोक कम्प्युटरच्या सिस्टीमलाच मुलगी करून काढतात. प्रत्येक सिस्टीमची वेगळी मुलगी, तिचा वेगळा स्वभाव, वेगळे कपडे. मी म्हटलं, त्या लोकांना दुसरे कामधंदे नाहीत का? त्याच आठवड्यात तुझ्या इतिहासाच्या वहीच्या मागच्या पानावर दशमी आली. दहावी म्हणून दशमी. निळी चौकटीची साडी, बशीएवढे डोळे, अंबाड्यात खोचलेलं पेन, चष्मा कपाळाच्या वर सरकवलेला, पोलक्याच्या बाहीला तुझ्या आईच्या हातचे असतात तसे आरसे, आणि दोन्ही हात कमरेवर.

तोवर केंद्रात कसा गोंधळ चालायचा ते तू पाहिलं आहेस. पासवर्ड टाकताना पडद्यावर अक्षरांऐवजी ठिपके दिसले की बाया म्हणायच्या मशीननं घेतलंच नाही, आणि पुन्हा टाकायच्या, पुन्हा टाकायच्या, शेवटी खातं बंद पडायचं. अपडेट चालू असलं की मारोतराव उठून खटकन बटण दाबायचे, ‘रिकामी फिरून राह्यली, लाईट जाते ना फुकट’. सांगून सांगून माझा घसा कोरडा पडायचा. तू मला न विचारता कार्डं काढलीस आणि मशीनच्या भोवती चिकटवून टाकलीस. ओठांवर बोट ठेवलेली दशमी: गुपित आहे, दिसणार नाही, एकदाच सांगा. पाठमोरी, केस धुणारी दशमी: न्हायला बसली आहे, दार वाजवू नका. कपाळाला हात लावलेली: थांबा, एका वेळी एकच. तळहात पुढे केलेली: आता अंगठा द्या. अशी सात. जे मला कित्येक वर्षांत जमलं नाही ते त्या कार्डांनी पंधरा दिवसांत केलं. आणि खरं सांगते, मला त्याचा आनंद कमी झाला, राग जास्त आला.

कारण त्या दिवसापासून माझ्या केंद्रात माझं कोणी ऐकेना. रंगूबाई, सत्तरी ओलांडलेली बाई, दारातून आत आली की मला रामराम नाही, थेट मशीनला विचारणार, ‘न्हाऊन झालं का वो बाई?’ मारोतराव दाखल्याला आले की धोतराच्या सोग्यातून गुळाचा खडा काढून कीबोर्डशेजारी ठेवणार. मुंग्या कोणी झाडायच्या? मी. संक्रांतीला मॉनिटरला हळदीकुंकू. ते कुंकू स्पेसबारखाली जे गेलं ते शेवटपर्यंत निघालं नाही, स्पेस दिली की करकर वाजायचं. लाईट गेली की ‘दशमी रुसली’. नेट गेलं की ‘दशमीचं डोकं दुखून राह्यलं असन’. माझं डोकं दुखतं ते कधी कोणाला दिसलं नाही. किन्हीराजाहून माझी नणंद आली, तर घरात पाणीही न पिता म्हणाली, आधी तुमची ती दशमी दाखवा. मी मनात म्हणायचे, काय पाहिलं यांनी हिच्यात? सदा कपाळाला आठ्या, सदा करवादलेली, कमरेवर हात देऊन उभी. जरा गोड हसणारी तरी काढायची. एकदा तुला विचारलंही होतं, ही एवढी चिडकी का गं? तू पेन्सिल चावत म्हणालीस, ‘चिडते मॅडम, पण काम सोडत नाई.’ मी तेव्हा चष्मा शोधत होते, माझं लक्ष नव्हतं. चष्मा डोक्यावरच होता.

मग ते साल आलं. तू बारावी झालीस आणि मी मनाशी सगळं ठरवून टाकलं: टायपिंगची मिनिटाला चाळीस शब्दांची परीक्षा, मग कुठंतरी कारकुनाची जागा, म्हणजे कोयता तुझ्या हातात कधी येणार नाही. यातलं मी तुला काहीच विचारलं नव्हतं, हे आता लिहिताना लक्षात येतं. तू सरावाला बसायचीस आणि मी पाठ वळवली की चित्रं. तीही त्या झिजलेल्या माउसनं! हात दुखेपर्यंत तिच्या साडीची एकेक चौकट रंगवत बसायचीस आणि चाळीसच्या उताऱ्याला तुझी बोटं जड व्हायची. निकाल लागला. तू नापास झालीस, आणि तेही काठावर नाही, चांगली खाली. मी काय काय बोलले ते तुला पाठ असेल. चित्रांनी पोट भरतं का, हे तीनदा म्हणाले, तिसऱ्यांदा मारोतरावांसमोर. तू तशीच तांड्यावर निघून गेलीस. दुसऱ्या दिवशी येऊन मशीन चालू केलीस, तर तुझं ‘दशमी’ नावाचं फोल्डर जागेवर नव्हतं. पाच वर्षांची चित्रं. मी सांगितलं, काल अपडेट आलं होतं, त्यात गेलं असेल. वर तुलाच बोलले, कॉपी करून ठेवायला काय झालं होतं? सगळ्या गावाला बॅकअप घ्या म्हणून सांगतेस, स्वतःचं नाही घेता येत? तू दुपारपर्यंत त्या पडद्यासमोर बसून होतीस. रडली असतीस तर बरं झालं असतं. उठताना एवढंच म्हणालीस, ‘जाऊ द्या मॅडम. तिचंच व्हतं, तिनंच नेलं.’

दिवाळीनंतर तू आईबापाबरोबर ऊसतोडीच्या ट्रकमध्ये बसलीस. जी वेळ तुझ्यावर येऊ नये म्हणून पाच हंगाम तुला माझ्या घरात ठेवलं, तीच वेळ. मी रस्त्यापर्यंत आलेही नाही. मलाच राग होता म्हणे! तिथून तू पुण्याला गेलीस, मॉलमध्ये बिलं करायला लागलीस आणि मला ‘हो मॅडम’ करायला लागलीस. जमनाबाई सांगते, त्या दिवसापासून तू पेन्सिलीला हात लावला नाहीस. गेल्या उन्हाळ्यात ती तुझ्याकडे राहून आली, तर म्हणाली, ‘पोरीची भीत कोरी हाय मॅडम, कॅलेंडरबी नाई.’ हे ऐकल्यापासून माझं जेवणात लक्ष नाही, पण ते असो.

आता यंदाचं ऐक. नोव्हेंबर म्हणजे आपल्याकडे हयातीच्या दाखल्यांचा महिना. म्हातारी माणसं वर्षातून एकदा येतात आणि मशीनला अंगठा देऊन सांगतात की मी अजून आहे. ऐन त्या गर्दीत नवी मशीन आली. मी सहज बोलून गेले की आता ही अकरावी. तोंडून निघायला नको होतं. मारोतरावांनी बोटांवर मोजलं आणि म्हणाले, ‘दशमीच्या मागून एकादशी. म्हंजे इचा उपासच. हे काय देणार आमाले? एकादशीच्या घरी शिवरात्र!’ त्यांनी हसत हसत टाकलं, पण दिवस मावळायच्या आत गावभर झालं की एकादशीला अंगठा दिला तर दाखला निघत नाही. तिघं-चौघं एसटीनं वाशीमला जाऊन अंगठा देऊन आले. तिथंही तीच अकरावी आहे, हे त्यांना सांगितलं तर म्हणतात, ‘वाशीमची गोष्ट येगळी हाय.’ आणि खरं कारण ते नव्हतंच. खरं कारण रंगूबाई बोलली. नव्या मशीनकडे तिरकं पाहून म्हणाली, ‘इले चेहरा कुठं हाय? बिनचेहऱ्याच्या बाईच्या हातात मी हात काहून देऊ?’ मी म्हटलं, जुनी कार्डं चिकटवते हिला. तर म्हणे, ‘एकीचा चेहरा दुसरीले लावता का? काही रीतभात हाय का नाई?’

त्यात जुन्या मशीनमधलं सगळं काढायला वाशीमहून हरीओम येणार होता. हरीओम म्हणजे आता आपल्या मशीनी दुरुस्त करतो तो, तुझ्या वेळी नव्हता. फायली नवीत भरायच्या आणि जुनी भंगारात द्यायची, असं ठरलं होतं. भंगार हा शब्द मी मोठ्यानं बोलले, ती माझी दुसरी चूक. मागच्या मंगळवारी सकाळी मी एकेक फाईल बाजूला काढत बसले होते, तर दारात सहा बाया, हातात ताट. पुढे रंगूबाई. ‘पोरगी जाऊन राह्यली अन् तिची वटी नाई भराची? सुन्या पदरानं पाठोता का तिले?’ मी म्हटलं, अहो ती मशीन आहे. तर म्हणते, ‘ते आमाले मालूम हाय. आमी काय येड्या हाओत का?’ त्यांच्यात तुझी आईही होती. गुडघ्यामुळे यंदा ती ऊसतोडीला गेली नाही, अमरसिंग एकटेच गेले. जमनाबाईनं दशमीसाठी खण आणला होता, निळा, कडेनं आरसे, टाके स्वतःच्या हातचे. रंगूबाई म्हणाली, ‘हिची माय पुण्याले जाऊन बसली, मंग आमीच हिचं माहेर.’ हिची माय म्हणजे तू, हे सांगायला नको.

मी म्हटलं, करा बाई काय करायचं ते, पण दुरून करा. तेवढ्यात मागच्या खोलीत माझा फोन वाजला. दोन मिनिटं, रंजीता. फक्त दोन मिनिटं मी आत गेले. आपली मशीन तुला माहीतच आहे. उन्हाळ्यात तापते म्हणून तिच्या डब्याचं एका बाजूचं झाकण मी काढून ठेवलं होतं, ते पुन्हा कधी लावलंच नाही. बायांनी मॉनिटरला कुंकू लावलं, खण टेबलावर ठेवला. मग आली गव्हाची ओंजळ. ओटी घालायची पदरात, आणि मशीनला पदर कुठून आणायचा? रंगूबाईनं चारी बाजूंनी पाहिलं. तिला ती उघडी बाजू दिसली. आत अंधार, जरा ऊब, काहीतरी हळूहळू फिरतंय. तिनं ओंजळभर गहू, हळकुंड, सुपारी आणि खोबऱ्याची वाटी मनोभावे आत सोडली. मशीन चालू होती. पिठाच्या गिरणीत खडा गेल्यासारखा आवाज झाला, जळका वास आला आणि पडदा काळा. मी धावत बाहेर आले, तर सहाही बाया हात जोडून उभ्या आणि रंगूबाई पदरानं डोळे पुसत म्हणते, ‘पाहा बाई, कशी शांत गेली.’

त्यानंतर मी जे बोलले ते पत्रात लिहिण्यासारखं नाही. सहा जणींपैकी एकीलाही वाईट वाटलं नाही, उलट ‘मॅडमले लेक गेल्याचं दुःख झालं’ म्हणून मलाच पाणी दिलं. दुपारी हरीओम आला. त्यानं डबा उलटा केला तर पायाशी गव्हाची रास. त्या बिचाऱ्यानं चार दाणे तळहातावर घेतले आणि म्हणाला, ‘मॅडम, म्या पाणी गेलेलं पाह्यलं, पाल मेलेली पाह्यली, उंदराची पिलं पाह्यली. गहू पयल्यांदा पाहून राह्यलो.’ चार हजार लोकांचे कागद त्या डिस्कमध्ये, आणि ती काही वाचता येईना. तो ती वाशीमला घेऊन गेला. तीन दिवस माझा जीव टांगणीला. शुक्रवारी परत आला तो दोन पेनड्राईव्ह घेऊन. एकात केंद्राच्या फायली, जवळजवळ सगळ्या. दुसरा हातावर ठेवत म्हणाला, ‘अन् यात पुसलेलं हाय. असं खरवडून काढतो ना आमी, तवा समदंच वर येते. पुसलं म्हंजे जात नाई मॅडम, नुसतं दिसत नाई. लई चित्रं हायेत यात. कोणं पुसले व्हते?’ मी म्हटलं, चहा घे आधी.

तो पेनड्राईव्ह मी दोन दिवस पोह्यांच्या डब्यात ठेवला. हे म्हणाले, डब्यात काय आहे? मी म्हटलं, पोहे. रविवारी केंद्र बंद असतं, तेव्हा दार नुसतं लोटून घेतलं आणि नव्या मशीनला तो लावला. रंजीता, एकसष्ट चित्रं अख्खी आली. बाकीची अर्धीमुर्धी, वर दशमी आणि खाली नुसता राखाडी पट्टा. मी तुझी ही चित्रं कधी नीट पाहिलीच नव्हती. भिंतीवरची सात कार्डं तेवढी पाहिली, बाकी सगळं म्हणजे मला टायपिंगचा बुडालेला वेळ. प्रत्येक चित्राच्या वरच्या कोपऱ्यात तू बारीक अक्षरात तारीख घातली आहेस आणि खालच्या कोपऱ्यात एक वाक्य, दशमी बोलते ते. मी एकेक वाचत गेले. ‘पाय खाली घे.’ ‘एकदा सांगितलेलं कळत नाही का?’ ‘माझं डोकं खाऊ नकोस.’ ‘स्वेटर घाल, मग बस.’ ‘आईचा फोन आला होता, रडू नकोस, एप्रिलला येतेच आहे ती.’ ‘जेवलीस का?’ हे शेवटचं तर किती चित्रांवर! डोळे वटारून, हातात लाटणं धरून, ‘जेवलीस का?’ मला आपलं वाटत राहिलं, ही वाक्यं मी कुठंतरी ऐकली आहेत. इतकी मी ढ.

रंगूबाई तिचं विसरलेलं ताट न्यायला आली होती. माझ्या पाठीमागे कधी येऊन उभी राहिली कळलं नाही. म्हणाली, ‘तुमचे एवढे फोटू काढले तिनं?’ मी म्हटलं, हे फोटो नाहीत आणि ही मी नाही, ही दशमी आहे. ‘तुमीच हा ना पण.’ मी म्हटलं, मी काही दशमी-बिशमी नाही, उगाच काहीतरी बोलू नका. तर ती खो खो हसायला लागली. ‘डोक्शावर चष्मा, बुचड्यात पेन, कंबरेवर हात. मंग काय हे माह्या सासूचं चित्र हाय? गावाले पयल्या दिवसापासून मालूम हाय बाई. तुमाले नव्हतं का मालूम?’ मी हात डोक्यावर नेला. चष्मा होता. अंबाड्यात पेन होतं. साडी निळी होती. माझ्याकडे निळ्या पाच आहेत, मळखाऊ म्हणून घेतलेल्या. म्हणजे तो गुळाचा खडा, ते कुंकू, ते ‘डोकं दुखून राह्यलं असन’, हे सगळं इतकी वर्षं कोणाला चाललं होतं? ज्या बाईवर मी जळत होते ती मीच निघाले. मला हसू आलं, आणि मग रडू आलं, आणि रंगूबाईसमोर रडायला लागलं म्हणून पुन्हा राग आला. ती शांतपणे नव्या मशीनसमोर बसली, अंगठा पुढे केला आणि म्हणाली, ‘घ्या. मी तं आजवर अंगठा तुमालेच देऊन राह्यली व्हती. तुमी हा ना इथंच?’ सोमवारपासून सगळे येऊ लागले आहेत. मारोतराव कालच दाखला घेऊन गेले. गूळ त्यांनी माझ्या हातावर ठेवला.

तेव्हा नव्या मशीनला चेहरा काढून दे म्हणून हे पत्र नाही, आमचं भागलं. ज्यासाठी पेन धरलं ते आता लिहिते, नाहीतर पुन्हा डब्यात ठेवून देईन. शेवटचं चित्र तुझ्या परीक्षेच्या आदल्या दिवसाचं आहे. त्यात दशमीचे हात पहिल्यांदाच कमरेवर नाहीत. ती खाली बसली आहे, हातात भाकरीचा चतकोर आहे, तो ती पुढे करते आहे, आणि समोर कोणाच्या तरी केसांचा नुसता भांग दिसतो. तिथून खाली राखाडी. वाक्यही गेलं. रंजीता, तुझ्या निकालाच्या दिवशी अपडेट आलं नव्हतं. तू तांड्यावर गेलीस आणि मी तुझं फोल्डर पुसलं. एकही चित्र उघडून पाहिलं नाही. मशीननं विचारलं, खात्री आहे का? मी हो म्हटलं. मग कचरापेटीही रिकामी केली, तिथंही तिनं विचारलं, तिथंही हो म्हटलं. वाटलं, हे गेलं की तू सरावाला बसशील. आणि दुसऱ्या दिवशी तुझ्या तोंडावर खोटं बोलून वर तुलाच रागावले. चार वर्षं तू धरून चालली आहेस की तुझ्या दशमीनंच तुझी चित्रं नेली. तू खरंच बोलली होतीस, तिनंच नेली. मला माफ कर. हे लिहायची सवय नाही म्हणून अक्षर बिघडलं आहे, पण माफ कर. पाकिटात पेनड्राईव्ह आहे, तुझ्या आईनं दशमीसाठी केलेला खण आहे, कारण ती म्हणते वटीचा खण मायलेकीत फिरला तरी चालते, आणि त्या शेवटच्या चित्राचा रंगीत कागद आहे. राखाडी पट्टा मी काढून टाकला, खालचा अर्धा कागद पांढरा ठेवला आहे. तो तू भर, नाहीतर फाडून टाक, तुझं आहे. पण फोन कर आणि मला चांगली बोल. ‘हो मॅडम’ म्हणालीस तर मीच फोन ठेवीन. आणि एवढं वाचून होईपर्यंत उशीर झाला असेल, जेवलीस का?

तुझीच,
दशमी